हे अन्न कोणाचे?

वलीम्याची दावत संपत आली होती. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी, मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगाला, जिथे उष्टी ताटे ठेवतात तिथे दहावी-बारावीतली चार मुले एक वजनकाटा आणि वही घेऊन उभी होती. ताटात उरलेले अन्न पिंपात जमा करायचे, पिंप भरले की वजन करायचे आणि आकडा वहीत लिहायचा, एवढेच त्यांचे काम. यजमानांची परवानगी त्यांनी आदल्या दिवशीच घेतली होती. साठीच्या घरातले एक गृहस्थ जवळजवळ अर्धे भरलेले ताट घेऊन आले. एका मुलाने हळू आवाजात म्हटले, "चाचा, यातल्या कबाबांना तर हातही लागलेला नाही." गृहस्थ क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तुझ्या बापाचे अन्न आहे का हे?" आसपासचे दोघे-चौघे हसले. मुलगा मान खाली घालून वहीत पाहू लागला. मी चार पावलांवर हात धूत होतो. मी काही बोललो नाही.

त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही. तो रागाच्या भरात विचारलेला होता आणि विचारणाऱ्याला उत्तराची अपेक्षाही नव्हती. पण प्रश्न म्हणून तो खराच आहे. ताटातले अन्न कोणाचे? त्या मुलाच्या बापाचे नव्हते, हे उघड आहे. मग ज्याच्या ताटात होते त्याचे? ज्याने पैसे मोजले त्या यजमानाचे? की आणखी कोणाचे?

व्यवहाराचे उत्तर सोपे आहे. यजमानाने तांदूळ, मटण, तूप विकत घेतले, आचाऱ्याला मजुरी दिली, पाहुण्याला वाढले. वाढल्याबरोबर ते पाहुण्याचे झाले. आता त्याने खावे किंवा टाकावे, तिसऱ्याने बोलण्याचे कारण काय? आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात हेच उत्तर असते. म्हणूनच टाकलेल्या अन्नाची आपल्याला हळहळ वाटते, अपराध वाटत नाही.

कुरआनचे उत्तर याहून वेगळे आहे. सूरह अबस (८०:२४-३२) मध्ये माणसाला आपल्या अन्नाकडे एकदा निरखून पाहायला सांगितले आहे आणि मग त्या अन्नाचा सारा मागचा प्रवास त्याच्यासमोर मांडला आहे: वरून ओतलेला पाऊस, दुभंगलेली जमीन, त्यातून उगवलेले धान्य, द्राक्षे, जैतून, खजूर, बागा, चारा. त्या वर्णनात माणूस शेवटी येतो, खाणारा म्हणून, आणि तोही एकटा नाही, त्याच्या गुराढोरांसह. सूरह वाकिआ (५६:६३-६४) मध्ये हाच विचार प्रश्नाच्या रूपात आहे. तुम्ही जे पेरता ते उगवणारे तुम्ही की अल्लाह? शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर कोणी शिकवावे लागत नाही. पेरणी आपल्या हातची, उगवण नाही, हे मृगाच्या पावसाची वाट पाहणारा प्रत्येकजण जाणतो. आणि सूरह हदीद (५७:७) तर संपत्तीविषयी स्पष्टच सांगते की, माणसाला तिच्यावर केवळ विश्वस्त नेमले आहे. विश्वस्ताला वापरण्याचा अधिकार असतो, नासवण्याचा नसतो. अमानत आणि मालकी यांतला फरक एवढाच आणि एवढा मोठा आहे.

म्हणजे त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे: नाही चाचा, माझ्या बापाचे नाही, पण तुमच्याही बापाचे नाही. मुलाने हे उत्तर दिले नाही, हे बरे झाले. का बरे झाले, ते पुढे येईल.

आपल्या भागात अन्नाचा हिशेब पाण्यापासून मांडावा लागतो. एक किलो तांदूळ पिकून तयार होण्यास जागतिक सरासरीने सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागते, असा जलतज्ज्ञांचा हिशेब आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाण्याची रेल्वे आली होती, ती कोणी विसरलेले नाही. मिरजेहून दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी पहाटे लातूर स्थानकात पोहोचली, तेव्हा लोक तिला पाहायला जमले होते. आता भागाकार करून पाहा. त्या अख्ख्या गाडीतले पाणी दोनशे किलो तांदळाला पुरते. दीड-दोन हजार पाहुण्यांच्या दावतीत एवढा तांदूळ सहज शिजतो. त्याचा पाचवा भाग जरी पिंपात गेला, तरी रेल्वेच्या दोन टाक्या आपण मंगल कार्यालयाच्या मागच्या गटारात उपडी केल्या असे होते. हा तांदूळ मराठवाड्यात पिकलेला नसतो हे खरे, पण ज्या कोणत्या शेतात पिकला तिथलेही पाणी त्याच पावसाचे असते.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यात हाडे, साली असे खाता न येणारे भागही धरले आहेत. त्यातले सुमारे साठ टक्के घराघरांतले आहे. हॉटेले, दावती, कॅन्टीन यांचा वाटा त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे कार्यालयाच्या मागे उभी राहिलेली ती मुले जे मोजत होती, त्याहून मोठे पिंप आपल्या स्वयंपाकघरात आहे. फरक इतकाच की तिथे कोणी वही घेऊन उभे नसते.

आता दुसरा प्रश्न. समजा, अन्न अमानत आहे आणि ते वाया घालवणे गुन्हा आहे. तरी एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने साठ वर्षांच्या माणसाला ते सांगावे का? आपल्या घरांत याचे उत्तर 'नाही' असेच आहे, आणि त्या उत्तरामागे केवळ अहंकार नाही. वडीलधाऱ्यांचा मान हा दीनचाच भाग आहे. ज्या समाजात लहान मोठ्यांचा हिशेब मागू लागतात तिथे घरे टिकत नाहीत, अशी एक भीती त्यामागे असते, आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

परंतु याच वयाच्या मुलावर आपण नमाज फर्ज मानतो. रमजानचा रोजा त्याने सोडला तर त्याला बोल लावतो, कारण तो सज्ञान झाला, त्याच्या कर्मांची नोंद सुरू झाली. सहीह मुस्लिममध्ये ह. अबू सईद खुदरी (रजि.) यांची प्रसिद्ध हदीस आहे. तिचा आशय असा की, तुमच्यापैकी जो कोणी वाईट गोष्ट पाहील त्याने ती हाताने बदलावी, ते शक्य नसेल तर जिभेने, तेही शक्य नसेल तर मनाने तिचा तिरस्कार करावा, आणि ही श्रद्धेची सर्वांत दुबळी अवस्था आहे. त्यात वयाची अट घातलेली नाही. ज्याच्यावर रोजा फर्ज आहे त्याच्या जिभेवर कुलूप लावण्याचा अधिकार आपल्याला कोणत्या प्रमाणावर मिळाला? त्या दिवशी मुलाने जीभ वापरली होती. मी, जो त्याच्याहून तीस वर्षांनी मोठा, तिसऱ्या पायरीवर उभा होतो, आणि खरे सांगायचे तर तिथेही धड उभा नव्हतो.

सहीह बुखारीतील आणखी एक प्रसंग येथे आठवतो. तोही खाण्यापिण्याचाच आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्याकडे एक पेय आणले गेले. त्यांच्या उजव्या बाजूला त्या बैठकीतला सर्वांत लहान मुलगा बसला होता आणि डाव्या बाजूला वयोवृद्ध मंडळी. उजवीकडून देण्याचा रिवाज होता. प्रेषितांनी (सल्ल.) पिऊन झाल्यावर त्या मुलाला विचारले की, हे आधी या वडीलधाऱ्यांना दिले तर तुझी परवानगी आहे का? मुलाने नम्रपणे पण स्पष्ट नकार दिला. आपल्या हातून मिळणारा माझा वाटा मी दुसऱ्या कोणाला देणार नाही, असे तो म्हणाला. आणि प्रेषितांनी (सल्ल.) ते भांडे त्याच्या हातात दिले. या हदीसवर आपण वाढण्याच्या दिशेचा नियम शिकतो आणि पुढे जातो. त्यातली दुसरी गोष्ट राहून जाते. वृद्धांच्या देखत एका मुलाला परवानगी विचारली गेली, त्याचे 'नाही' ऐकून घेतले गेले, आणि त्याला कोणी उद्धट म्हटले नाही. दस्तरखानावर मुलाचा हक्क वयाने कमी होत नाही, हे दाखवणारा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

हक्क आहे म्हणून तो कसाही वापरावा असे मात्र नाही. ह. इब्राहिम (अ.) यांनी आपल्या वडिलांशी मूर्तिपूजेविषयी केलेला संवाद सूरह मरियम (१९:४२-४७) मध्ये आहे. विषय अन्नाहून कितीतरी मोठा, शिर्कचा. तरीही चार आयतींत चार वेळा ते 'हे माझ्या प्रिय पित्या' या अर्थाची हाक देतात. बाप दगडांनी ठेचून मारण्याची धमकी देतो. मुलगा त्यावर सलाम करतो आणि आपण तुमच्यासाठी क्षमायाचना करीन असे सांगतो. सूरह अंबियामध्ये (२१:६०) लोक त्यांचा उल्लेख 'एक तरुण' असाच करतात. म्हणजे चूक सांगण्याचे धैर्य आणि सांगण्यातला अदब ही दोन्ही एकाच तरुणाच्या ठायी होती. एकासाठी दुसरे सोडावे लागले नाही. म्हणून मी वर म्हटले की मुलाने उलट उत्तर दिले नाही हे बरे झाले.

या मुलांचेही सगळे बरोबर होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्यातल्या एकाने पहिल्या दावतीनंतर उष्ट्या ताटांचा फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ठेवला होता आणि त्यात यजमानांच्या नावाचा फलक दिसत होता. ती चूक होती. कोणाच्या घरच्या आनंदाच्या दिवशी त्याचा दोष चव्हाट्यावर मांडणे ही सुधारणा नव्हे. मुलाने तो फोटो तासाभरात काढला, पण तोवर गावाने पाहिला होता, आणि त्या घरचे लोक आजही त्याच्याशी मोकळेपणाने बोलत नाहीत. तराजू अन्नासाठी आहे, माणसासाठी नाही.

वडील मंडळींच्या बाजूनेही एक युक्तिवाद आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एका सभेत एका बुजुर्गांनी तो मांडला. ते म्हणाले, "पाहुण्याला मोजून वाढायचे? आपल्या इब्राहिम (अ.) यांनी दोन-तीन अनोळखी पाहुण्यांसाठी अख्खे वासरू भाजून पुढे ठेवले होते. मेहमाननवाजीला माप नसते." प्रसंग खरा आहे. सूरह जारियात (५१:२४-२७) आणि सूरह हूद (११:६९-७०) या दोन्हींत तो आला आहे. पाहुण्यांची संख्या कुरआनने सांगितलेली नाही, पण ते थोडे होते आणि पुढे आलेले वासरू पुष्ट होते, एवढे खरे.

मी घरी येऊन त्या आयती पुन्हा वाचल्या. इब्राहिम (अ.) हळूच, पाहुण्यांना कळू न देता घरात जातात. जेवण त्यांच्या जवळ नेऊन ठेवतात. आपण खात नाही का, असे विचारतात. आणि पाहुण्यांचे हात अन्नाकडे जात नाहीत हे पाहताच त्यांच्या मनात धास्ती निर्माण होते. पाहुणे फरिश्ते होते, हे त्यांना नंतर कळले. अन्नाला हात लागला नाही तर यजमान अस्वस्थ होतो. कारण त्याचे लक्ष वासराकडे नाही, पाहुण्याकडे आहे. आमच्या दावतीत पाचशे ताटांतले कबाब अस्पर्श परत जातात आणि कोणाच्या मनात धास्ती निर्माण होत नाही. पाहुणा जेवला की नाही हे यजमानाला माहीतच नसते. तो व्यासपीठावर फोटो काढून घेत असतो. काउंटर किती होते, गोडाचे प्रकार किती होते, हे मात्र दुसऱ्या दिवशी गावभर माहीत असते. इब्राहिमी मेहमाननवाजीचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्यावा.

प्रेषितांच्या (सल्ल.) स्वतःच्या वलीम्यांचे वर्णन हदीसमध्ये आहे. ह. जैनब (रजि.) यांच्या वेळी एक बकरी होती, आणि ह. अनस (रजि.) सांगतात की पत्नींपैकी कोणासाठी याहून मोठा वलीमा त्यांनी पाहिला नाही. ह. सफिया (रजि.) यांच्या वेळी खजूर, सुकवलेले दही आणि तूप एकत्र करून वाढले गेले. आणि ज्या वलीम्याला श्रीमंतांना बोलावले जाते व गरिबांना वगळले जाते, त्याचे अन्न सर्वांत वाईट अन्न म्हटले गेले आहे. याचा अर्थ दावत करू नये असा नाही. आमच्याकडचा नान-खलिया मलाही प्रिय आहे आणि लग्नघरी आग्रह होतो तेव्हा बरे वाटते. पण आग्रह पाहुण्याच्या भुकेला असावा, आपल्या इज्जतीला नसावा. सूरह फुरकान (२५:६७) उधळपट्टी आणि कंजुषी यांच्या मधली जागा दाखवते. ती जागा किलोत सांगता येत नाही, पण ती आहे.

आणखी एका चुकीच्या समजाविषयी लिहिणे आवश्यक आहे. अन्न उरले की आपण म्हणतो, गरिबांना वाटून टाकू, सवाब मिळेल. मुलांनीही सुरुवात तिथूनच केली होती. देगेत राहिलेला भात ते जवळच्या वस्तीत नेत. मे महिन्याच्या दुपारी चार तास उघड्यावर राहिलेला भात. एका संध्याकाळी वस्तीतल्या एका बाईने भांडे पुढे करण्याआधी भाताचा वास घेतला. एवढेच, ती काही बोलली नाही. त्या दिवसानंतर मुलांनी ते काम बंद केले आणि वहीचे काम सुरू केले. सूरह बकरह (२:२६७) मध्ये दान करताना जे स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही, असे निकृष्ट निवडून देऊ नका, असा आदेश आहे. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, २०१५ साली युसुफ मुकाती यांनी रोटी बँक सुरू केली. तिचे सभासद घरच्या ताज्या पोळ्या आणि सालन आणून देतात, आणि ज्याला गरज आहे तो येऊन घेऊन जातो. उरलेले आणि राखलेले यांत जो फरक आहे तो त्या कामाच्या मुळाशी आहे. जे चांगल्या अवस्थेत उरले ते वेळेवर पोहोचवावेच. पण अति शिजवून त्यातले उरलेले वाटणे हा अति शिजवण्याचा परवाना होऊ शकत नाही.

तर मग उपाय शिजवण्याआधी करावा लागतो. आमच्याकडे चूलबंद आमंत्रण देण्याची पद्धत आहे: त्या दिवशी घरात चूल पेटू नये, सर्वांनी यावे. या शब्दात माया आहे. अडचण अशी की चूलबंद घरातून प्रत्यक्षात दोन माणसे येतील की नऊ, हे कोणालाच ठाऊक नसते. आचारी अंदाजाने सांगतो, यजमान भीतीने त्यात भर घालतो. 'कमी पडले तर नाक कापले जाईल.' मुलांनी वहीतले आकडे पाहून हे हेरले. आता ते निकाहच्या चार दिवस आधी आमंत्रितांच्या घरी जातात आणि विचारतात, किती जण येणार? सुरुवातीला लोकांना हा अपमान वाटला. काहींना अजूनही वाटतो. दोन घरांनी मात्र त्या आकड्यांवर आचाऱ्याशी बोलून तांदूळ कमी केला, आणि अन्न कमी पडले नाही.

त्या गृहस्थांविषयीही सांगितले पाहिजे. त्यांचे वय पाहता १९७२ च्या दुष्काळात ते सात-आठ वर्षांचे असावेत. त्या वर्षी या भागात लोकांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, मुलांनी सुकडीसाठी रांगा लावल्या, परदेशातून आलेली लाल मिलो खाल्ली. माझे वडील त्या मिलोच्या भाकरीची चव शेवटपर्यंत विसरले नाहीत. भूक पाहिलेला माणूस ताट काठोकाठ भरून घेतो, पुढे मिळेल न मिळेल म्हणून. ते अर्धे भरलेले ताट कदाचित माजातून आलेले नसेल, जुन्या धास्तीतून आलेले असेल. मी त्यांना ओळखत नाही. पण त्या मुलांना मी हे सांगितले, आणि वहीवाला मुलगा म्हणाला, "मग तर त्यांनाच आमच्याबरोबर उभे राहायला बोलावले पाहिजे."

पुढच्या महिन्यात माझ्या पुतणीचा निकाह आहे. परवा असरनंतर तोच मुलगा वही घेऊन आमच्या दारात आला. "चाचा, किती माणसे धरायची?" मी सवयीने म्हणालो, "अरे, सगळेच येतील." तो काही बोलला नाही. पेन हातात धरून उभा राहिला. मी त्याला आत बोलावले, आमंत्रितांची यादी काढली, आणि आम्ही पहिल्या नावापासून मोजायला बसलो.